लाल गाडीचे नागरिक

आमच्या डेपोत कंडक्टरला मास्तर म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका. मी आयुष्यभर स्टेअरिंग धरलं, पोथ्या नाही वाचल्या. पण ज्या मास्तरबद्दल मी सांगतोय त्याला मास्तर म्हटलेलं खपत नसे. 'वाहक म्हणा,' म्हणायचा. आणि मला चालक म्हणायचा. कित्येक वर्षं एका गाडीवर काढली आम्ही, एका डब्यातलं खाल्लं, एका सतरंजीवर झोपलो, पण या बाबाने मला एकदा नावाने हाक मारली असेल तर शपथ. माझ्या मुलीच्या लग्नात आहेराचं पाकीट हातावर ठेवून म्हणाला, "अभिनंदन, चालक." माझे व्याही दिवसभर मला विचारत होते, हा माणूस तुमच्या हाताखालचा की वरचा?

त्याच्या गाडीत नातं चालत नसे. एरवी कंडक्टर म्हणजे सगळ्या जगाचा काका, मामा, दादा, भाऊ. याला कोणी "काका, सुट्टे नाहीत" म्हटलं, की तिकिटाचं मशीन छातीशी धरून हा सांगणार की मी आपल्या वडिलांचा भाऊ नाही, मी वाहक आहे, सुट्टे काढा. पिऊन आलेला असो, शाळेचं पोर असो, सगळ्यांना अहो-जाहो. नांदुऱ्याला एकदा एक शेळी मोकळ्या दारातून चढली, तर तिलाही म्हणाला, "अहो, खाली उतरा." कोंबडीवाला चढला तर कोंबडीचं लगेजचं तिकीट फाडायचा, आणि त्याने कोंबडी शेजारच्या सीटवर ठेवली की लगेच हजर. यांना प्रवेश आहे, नागरिकत्व नाही, मांडीवर घ्या. बायकांचं तिकीट अर्धं झालं तेव्हा एक जण मोठ्याने बोलला की अर्ध्या तिकीटवाल्यांनी उभं राहावं. मास्तरने दोरी ओढून गाडी थांबवायला लावली आणि त्या माणसासमोर जाऊन उभा राहिला. "तिकीट अर्धं आहे. बाई पूर्ण आहेत," एवढं म्हणून त्याने डबल बेल मारली. मागे कोणत्या तरी आजीबाईंनी टाळी वाजवली, तर तिलाही दटावलं की गाडीत गोंधळ करू नये.

पण त्याचा खरा दात होता तो 'तुम्ही कुठले?' या प्रश्नावर. आमच्या वऱ्हाडात दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की पहिल्या मैलात गाव निघतं, दुसऱ्या मैलात आडनाव निघतं, आणि तिसऱ्या मैलात 'म्हणजे त्यातले का?'. पुढे एकतर सोयरीक निघते नाहीतर माणूस सरकून बसतो. मास्तरच्या कानावर हे पडलं की तो मध्येच उभा. म्हणायचा, "प्रवासी, या गाडीत कुठून आलात याला महत्त्व नाही. कुठे जायचं ते सांगा. नाहीतर तिकीट फाडता येत नाही." लोक हसायचे. काही चिडायचेही. एका गुरुजींनी तक्रार केली होती की वाहक प्रवाशांना बोलू देत नाही. मीही कधी कधी वैतागायचो, खोटं कशाला बोलू. सोयरीक जुळत आलेली असायची आणि हा पठ्ठ्या मध्ये.

हे वेड आलं कुठून? तर मास्तर एम. ए. करत होता, राज्यशास्त्रात. म्हणजे मी त्याच्या गाडीवर आलो तेव्हा करत होता आणि मी रिटायर झालो तेव्हाही करतच होता. एकच पेपर राहिला होता, राष्ट्रवादाचा. घाटात, उन्हात, टायर पंक्चर झालेलं असताना तो मला हा पेपर समजावून सांगायचा. राष्ट्रं म्हणे दोन तऱ्हेची. एक आजोबांचं राष्ट्र आणि दुसरं तिकिटाचं. आजोबांच्या राष्ट्रात दारातच विचारतात, तुझा आजोबा कोण, कोणत्या देवाचा, कोणत्या भाषेचा. आजोबा बरोबर निघाला तर आत, नाहीतर उभा राहा. तिकिटाच्या राष्ट्रात आजोबाला कोणी विचारत नाही, तिकीट आहे ना, मग बसा. जगात जेवढ्या कापाकाप्या चालल्यात त्या सगळ्या आजोबांपायी चालल्यात, असं त्याचं म्हणणं. मी एकदा जॅक फिरवता फिरवता विचारलं की तिकिटाच्या राष्ट्रात काय भांडणं होत नाहीत? होतात, म्हणाला, सुट्ट्या पैशांवरून होतात, पण ती नांदुऱ्यापर्यंत मिटतात. हेच सगळं त्याने पेपरात लिहिलं, लाल गाडीच्या उदाहरणासकट, आणि दर वेळी नापास झाला. परीक्षक आजोबांच्या पक्षाचा आहे असं त्याचं ठाम मत होतं.

आता एवढं ज्ञान सांगणारा माणूस, म्हणजे त्याच्यात खोट नसावी. होती ना! मलकापूरच्या स्टँडवर निघाली ती. मलकापूर म्हणजे आमच्या वऱ्हाडचं टोक, पलीकडे खानदेश. तिकडच्या गाडीचा एक कंडक्टर आमच्यासोबत डबा खायला बसला. मास्तरने डबा उघडला. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, त्याने स्वतः केलेलं, वरून कांद्याची पात. खानदेशी गड्याने एक घास घेतला, मान डोलावली आणि म्हणाला की बरं जमलंय, आमच्याकडून शिकले तुम्ही लोक.

झालं. गाडीत पुस्तकासारखं बोलणारा तो माणूस ताडकन उठला. "काऊन बे, वांगं काय तुह्या बापानं आणलं व्हय?" त्याच्या तोंडून मी वऱ्हाडी पहिल्यांदा ऐकली. मग जी जुंपली. मास्तरने आपली आजी काढली, आजीची चूल काढली, आजीच्या हातचा हिरव्या मिरचीचा ठेचा काढला. त्यानेही त्याची काढली. दोन्ही गाड्यांचे प्रवासी उतरून आपापल्या बाजूला उभे राहिले, कोणाला कशाबद्दल भांडण आहे ते माहीत नव्हतं, पण बाजू सगळ्यांना माहीत होती. कंट्रोलरने शिट्टी फुंकली तेव्हा कुठे गाडी निघाली. नांदुऱ्याजवळ मास्तर माझ्या मागे येऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "चालक, माझ्यातही आजोबा आहे. वांग्यात लपून बसला होता." मला एवढं हसू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. तो मात्र हसला नाही. दोन दिवस त्याने डब्यात भरीत आणलं नाही, नुसती डाळ आणली.

आता त्या गावाचं सांगतो. नाव सांगत नाही, कारण तिथले दोन्हीकडचे लोक अजून भेटतात आणि चहा पाजतात. वडनेर भोलजीवरून आत जावं लागतं, एवढं पुरे. आमची गाडी तिथे मुक्कामी असायची. संध्याकाळी जायचं, गावातच झोपायचं आणि सकाळी पारापासून निघून खामगावला यायचं. वर जुनं गाव होतं, आणि अर्ध्या कोसावर खाली नवं गाव. नवं म्हणजे धरणात बुडालेलं. नदीकाठचं आख्खं गाव सरकारने उचललं आणि जुन्या गावाच्या गायरानावर आणून ठेवलं, मारुतीसकट, बुद्धविहारासकट, शाळेच्या घंटेसकट. त्या लोकांनी कमानीवर आपल्या बुडालेल्या गावाचंच नाव घातलं. जुन्या गावाला हे फार लागलं. आमचं गायरान गेलं, गुरं कुठं चारायची, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आणि ज्यांची घरं पाण्यात गेली त्यांनी जायचं कुठं, हेही खोटं नव्हतं. दोघांचंही खरं असलं की भांडण लवकर मिटत नाही, हे मी बरेचदा पाहिलंय.

जुन्या गावात मग भूमिपुत्रांचं मंडळ निघालं. मंडळाचा अध्यक्ष तिशीतला, पांढरे बूट, मोटरसायकलला झेंडा, आणि पारावर भला मोठा बोर्ड, त्यावर त्याचाच फोटो. पोरगा तसा वाईट नव्हता, पण बोर्ड लागल्यापासून त्याला फोटोसारखं वागावं लागायचं. त्याची आई रोज सकाळी आम्हाला चहा आणून द्यायची. फार बोलायची नाही. कपबशा उचलायची, मंडळाच्या बोर्डाकडे एकदा बघायची आणि जायची.

मंडळाच्या पोरांनी एक युक्ती काढली. गाडी पारापासून भरायला लागायची, नवं गाव नंतर यायचं. आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात; तर ही पोरं आपण बसायची आणि उरलेल्या सगळ्या सीटांवर दस्त्या टाकून ठेवायची. नव्या गावचे लोक चढले की सीट रिकामी दिसायची, पण तिथे दस्ती बसलेली. वडनेर आलं की दस्त्या खिशात जायच्या. तोवर खालच्या गावाने उभं राहायचं, एवढाच त्यातला आनंद.

नव्या गावातून एक पोरगी चढायची. बौद्ध वस्तीतली, बाप गवंड्याच्या हाताखाली कामाला. खामगावला नर्सिंगला होती आणि तिला कॉलेजात वेळेवर पोचवणारी आमची ही एकच गाडी. पांढरा ड्रेस, हातात डबा, आणि दस्त्यांच्या मध्ये उभी. सगळ्या तालुक्यात मास्तरला न सांगता 'वाहकसाहेब' म्हणणारी ही एकटी. मास्तर विरघळायचाच तिथे. मी चिडवायचो की एवढ्या वर्षांत तुमच्या राष्ट्राला एकच नागरिक मिळाला, तो पण पासवाला.

मास्तरने दस्त्यांवर इलाज काढला. सीटवर बसलेल्या प्रत्येक रुमालाने तिकीट काढावं असा त्याने हुकूम सोडला. पोरंही काही कमी नव्हती. दुसऱ्या दिवशी एकाने दस्ती पुढे धरली आणि म्हणाला की लहान हाये, अर्ध तिकीट द्या. मास्तरने गंभीरपणे रुमालाच्या वयाचा पुरावा मागितला. गाडी हसली, पण पोरगी उभीच राहिली. मग खालच्या गावची पोरं खवळली. एक दिवस त्यांनी रस्त्यात आडवा लाकडाचा ओंडका टाकला, शिवीगाळ झाली, कोणाचा तरी दगड आला आणि माझ्या बाजूची काच फुटली. डेपोत साहेबांनी आम्हाला दोघांना उभं करून सांगितलं की आता एकदा जरी भांडण झालं तर ही फेरी बंद. साहेबांचंही बरोबर होतं, काचा काय झाडाला लागतात?

ही बातमी पोरीला कळली. उतरताना ती मास्तरजवळ थांबली आणि म्हणाली, "वाहकसाहेब, गाडी बंद झाली तं बाबा मले कॉलेजातून काढतील. दुसरी गाडी टाइमावर पोचत नाही." मास्तरला जगातल्या सगळ्या राष्ट्रांवर बोलता यायचं. तिला मात्र त्याने नुसतं दार धरून उतरू दिलं. त्या दिवशी मुक्कामाला रात्री त्याने भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवून दिला. मला त्याच्यापेक्षा पोरीची काळजी वाटत होती, पण हा उपाशी झोपला म्हणून मलाही नीट जेवण गेलं नाही.

दुसरा दिवस बाजाराचा. पारावर ही गर्दी. बायका टोपल्या, पिशव्या, कडेवर पोरं घेऊन उभ्या. अध्यक्ष गाडीच्या दारात आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. दस्त्या आता बंद, म्हणाला. आता सरळ नियम करायचा. मूळ गावकऱ्यांनी आधी बसायचं, बाहेरून आलेल्यांनी मागून, जागा उरली तर. नियम कबूल नसेल तर आजच होऊन जाऊ द्या काय ते, अन् फेरी बंद झाली तरी चालेल.

मी स्टेअरिंगवरच्या मुठी आवळल्या. आता मास्तर भाषण ठोकणार, पोरं भडकणार आणि गेली आपली फेरी. मास्तरने गर्दीकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाला, "मान्य आहे. मूळचे आधी."

मला एवढा संताप आला! इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस, आजोबा आणि तिकीट करून, आणि पोरीवर वेळ आली तर शेपूट घातलीस? मी मान फिरवून बघितलं तर हा दारात आडवा हात लावून उभा. आणि जो प्रश्न त्याने जन्मात कोणाला विचारू दिला नाही तोच प्रश्न तो पहिल्या चढणाऱ्याला विचारत होता, "आपला जन्म कुठला?"

पहिला चढला तो एक म्हातारा. इथलाच, म्हणाला. मास्तरने त्याला हात धरून आत घेतलं. मागे त्याची बायको. तिने सांगितलं, नांदुऱ्याची. "मग आपण बाहेरून आलात. थांबा." म्हातारीला वाटलं हा थट्टा करतोय. पुढची मोताळ्याची. तीही थांबा. तिसरी मेहकरकडची. थांबा. एक बाई आषाढाला माहेरी आलेली होती, ती म्हणाली मी इथलीच, गावची लेक. तिला मास्तरने खिडकीची जागा दिली. तिची भावजय मात्र खाली, टोपली डोक्यावर. नणंद खिडकीतून भावजयीकडे बघून हसली आणि मला तिथेच कळलं की आता या गावात आज चुली पेटणार नाहीत.

बायकांत कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष म्हणाला की बायकांचं सोडा, त्या आमच्याच हायेत. मास्तर म्हणाला की नियम आपण केलात, मी फक्त पाळतोय. लग्न करून आल्या म्हणजे बाहेरूनच आल्या ना? की वाटेत कुठे उगवल्या? मग मंडळाची पोरं पुढे सरकली. जन्म कुठला? एक म्हणाला, खामगावच्या दवाखान्यातला. दुसरा मलकापूरच्या. तिसरा आईचं पोट फाडून झालेला, तो अकोल्याचा. आता गावात बाळंतपण होतं कुठे हो? सगळे भूमिपुत्र दवाखान्यात जन्मलेले. मास्तर एकेकाला अदबीने बाजूला करत होता, आपण खामगावचे, आपण मलकापूरचे. मी सीटवर पोट धरून हसत होतो. गाडीत पाच-सात म्हातारे आणि ती नणंद, बाकी सगळं गाव रस्त्यावर.

शेवटी अध्यक्ष स्वतःच पायरीवर चढला. त्याच्या वेळेला गावात सुईण होती, दवाखाना नव्हता. छाती पुढे काढून म्हणाला, "याच मातीतला हावो मी."

तेवढ्यात बायकांतून त्याची आई बोलली. ओरडली नाही, रोज चहा हवा का विचारायची त्याच आवाजात बोलली. "काऊन खोटं बोलून राह्यला रे? तू माह्या बापाच्या घरी झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करत असतात. खालच्या लोकाह्यच्या गावात झाला तू, नदीवरच्या. तुही नाळ तिथं पुरली, तिथं आता पाणी हाये."

तिचं माहेर बुडालेल्या गावातलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे भाऊ धरणाचे पैसे घेऊन केव्हाच अकोल्याला गेले, म्हणून ते कोणी धरत नव्हतं एवढंच. बाईचं माहेर धरतं कोण? हे मात्र मास्तरच्याही डोक्यात नव्हतं. त्याचा आडवा हात आपोआप खाली आला.

"माहं माहेर बुडालं तवा मी घरात बसून रडली," ती पोराला म्हणाली. "तुले नाही सांगतलं, तू बोर्ड रंगवून राह्यला होता. माहेरचे लोक दारात येऊन राह्यले, अन् म्या त्याह्यले पाणी नाही विचारलं, तुह्या धाकानं. मी बाहेरची हावो ना? मंग बाहेरच्याह्यच्याच स्टॉपवर बसतो मी." आणि टोपली उचलून ती खालच्या रस्त्याला लागली.

तिच्यामागे भावजय निघाली. तिच्यामागे नांदुऱ्याची म्हातारी, मोताळ्याची, मेहकरची, सगळ्या. खिडकीतली नणंद पण उतरली, तिला एकटीला बसायची लाज वाटली असेल. मागून मंडळाची पोरं, हात खिशात, आणि सगळ्यांच्या मागे अध्यक्ष, पांढऱ्या बुटांकडे बघत. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्यामागे सोडली. म्हातारे आत बसून विचारत होते की लग्न कोणाचं हाये.

खालच्या गावाला मंडळाच्या नियमाची खबर फोनवरून आधीच लागली होती. ते लोक विटा-दगड घेऊन कमानीखाली तयार. त्यांना लांबून दिसलं की वरचं आख्खं गाव चालून येतंय, पुढे बायका घालून. मास्तर दारातून उडी मारून पुढे पळायला लागला. पण त्याच्या आधी अध्यक्षाची आई कमानीखाली पोचली होती आणि एक म्हातारा डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे बघत होता. "अवं, तू चिंचेखालच्या घरची ना वं?" ती म्हणाली, "हाव दादा." म्हाताऱ्याने मागच्या पांढऱ्या बुटांकडे बोट केलं, अन् हा पोट्टा? "भाचा तुमचा," ती म्हणाली.

भाचा! आता भाच्यावर कोणी वीट उचलतं का? विटा हळूच पाठीमागे गेल्या, तिथून खाली पडल्या, आणि एकाच्या पायावर पडली तरी तो ओरडलासुद्धा नाही. कोणी चहा आणला. किराणा दुकानातून टॉवेल-टोपी आली आणि म्हाताऱ्याने अध्यक्षाला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, मामाच्या गावाला आलेल्या भाच्यासारखा. अध्यक्षाचा चेहरा बघण्यासारखा होता. लोकांना हाकलायला निघालेला माणूस त्यांचा मानकरी होऊन उभा. मग जी नाती निघायला लागली! कोणाची आत्या, कोणाची मावसबहीण, मेहकरवालीची पण कुठून तरी आतेसासू निघाली. हसत, रडत, एकमेकींच्या टोपल्या धरत सगळे गाडीत चढायला लागले.

खूश नव्हता तो एकटा मास्तर. माझ्या खिडकीशी येऊन पुटपुटला, "चालक, हे तिकिटाने नाही मिटलं. पुन्हा आजोबाच मध्ये आला." मी म्हटलं, मिटलं ना बाप्पा, कोण का येईना. तो म्हणाला, "ज्याला कोणी मामा नाही त्याचं काय?"

मी आरशात बघितलं. गाडी भरत आली होती आणि दारापाशी ती पोरगी उभी होती, डबा छातीशी धरून. पुढच्या सीटवर अध्यक्षाची आई बसली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी, पण तिथे नवा टॉवेल पसरलेला. अध्यक्षाने टाकला होता, सवयीने. आईने पोरीला पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, आज सगळ्यांनाच विचारत होते तसं, "तू कोणाच्या घरची वं माय?"

"नाल्याच्या पल्याडची," पोरगी म्हणाली.

बुडालेल्या गावात नाल्याच्या अलीकडे कोण राहायचे आणि पलीकडे कोण, हे त्या गाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. गाडीतला गलका जरा खाली बसला. सरकून बसायची वेळ आली की आमच्याकडे असाच आवाज होतो. एवढ्या सोयऱ्या-धायऱ्यांत त्या लेकराचं नातं कोणाशी काढणार होते?

पोरीने कोणाला त्रास दिला नाही. सरळ म्हणाली, "नातं नाही निघणार, आजी. माह्याजवळ पास हाये."

मास्तर दोन पावलं पुढे आला. मला वाटलं आता बोलणार, आयुष्यभर ज्याची तयारी केली ते भाषण आता येणार. त्याने हात पुढे केला. पोरीने पास दिला. त्याने तो रोज बघायचा तसाच बघितला, तारीख वाचली आणि परत केला.

अध्यक्षाच्या आईने पोरीकडे बघितलं, मग पोराच्या टॉवेलकडे. टॉवेल उचलला, घडी केली आणि मागे वळून पोराच्या हातात दिला. "बस," ती पोरीला म्हणाली. पोरगी बसली. म्हातारी सरकली नाही. मला रडू आलं, सांगायला कसली लाज, आणि मास्तरने डबल बेल मारली.

डेपोत पोचलो तर साहेब घड्याळ बघत बाहेरच उभे. एवढा उशीर काऊन, पुन्हा भांडण झालं का, विचारलं. मास्तर म्हणाला, "नाही साहेब. चढायला वेळ लागला. गाडी भरून आली." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी हाव म्हटलं. गाडी भरून आली हे तर खरंच होतं.

फेरी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरगी कमानीखाली उभी होती. गाडी थांबली, ती चढली आणि बसली.